स्टाफ तिकीट स्वस्त, पण जागेची हमी नाही

संपादक महोदय,

विमान कंपनीत लागलेली गावाकडची मुलं आई-वडिलांना स्टाफच्या स्टँडबाय तिकिटावर, म्हणजे जागा उरली तरच बसू देणाऱ्या तिकिटावर, परदेशी बोलावतात. मूळ भाड्यात मोठी सवलत असते. कर आणि विमानतळ शुल्क मात्र बहुधा भरावंच लागतं. खरी अडचण जागेची. चेक-इन बंद होताना, म्हणजे उड्डाणाच्या साधारण १ तास आधी, सीट उरली तरच बोर्डिंग पास. दिवाळीत, मे महिन्यात ती क्वचितच उरते. मग नागपुरात मुक्काम, आणि व्हिसाची मुदत काही थांबत नाही. वेगवेगळ्या तिकिटांवर विमान बदललं, तर मधल्या देशात बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागू शकतं. तिथला व्हिसा नसेल तर वयस्क माणसं तिथंच अडकतात. परतीच्या पूर्ण भाड्याची सोय असल्याशिवाय त्यांना पुसद-वणीहून निघूच देऊ नये.

– एक वाचक, जि. यवतमाळ