आधी घरभाडे, मग जेवण

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील फूड पँट्रींविषयी आपल्या अंकात आलेल्या लेखावर एका वाचकाने असे मत मांडले होते की, इतक्या श्रीमंत देशात मूल उपाशी राहत असेल तर दोष आईबापांच्या उधळेपणाचाच असला पाहिजे. मी काही वर्षांपासून अमेरिकेत राहते आणि शनिवारी सकाळी अशाच एका पँट्रीत शिधा भरण्याचे आणि वाटण्याचे काम करते. तिथे मला जे दिसते ते या मताशी मुळीच जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना या व्यवस्थेची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फूड बँक हे मोठे कोठार असते आणि पँट्री म्हणजे त्या कोठारातील अन्न घरोघरच्या माणसांच्या हाती पडते ते ठिकाण. अशी पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथे सुरू केली. अडल्यानडल्याला चार दिवसांचा आधार मिळावा, एवढाच अशा मदतीचा मूळ हेतू असतो. आमच्याकडे मात्र तीच कुटुंबे महिन्यामागून महिने येतात, आणि त्यांतील बहुतेक घरांत कोणी ना कोणी नोकरी करत असते. कामाच्या ठिकाणचा गणवेश अंगावर असतानाच, कामाची पाळी सुरू होण्याआधी, मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आया मी दर आठवड्याला पाहते.

मग नोकरी असूनही घरात अन्न का पुरत नाही? संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे. बऱ्याच राज्यांनी आपापले वेतन वाढवले असले, तरी जिथे ते वाढलेले नाही तिथे वर्षभर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाच्या हाती करांपूर्वी सुमारे १५,००० डॉलर पडतात. त्यातही दुकानांत आणि उपाहारगृहांत कामाचे तास आठवड्यागणिक बदलतात. या महिन्यात किती पैसे येतील हे आईला ठाऊक नसते, पण घरभाडे किती द्यायचे आहे हे मात्र ठाऊक असते.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. भाडे थकले तर घर जाते, विजेचे बिल थकले तर वीज जाते, गाडी बंद पडली तर नोकरी जाते. जेवणाच्या खर्चाला असा धमकावणारा कोणी नसतो, त्यामुळे ओढाताण झाली की कात्री तिथेच लागते. गरजू कुटुंबांना घरभाड्यात मदत करणारी सरकारी योजना आहे, परंतु पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकापर्यंत ती पोहोचते आणि बाकीची प्रतीक्षायादीत वर्षे काढतात.

सरकारी हिशेबातही हे घरभाडे पुरते धरलेले नाही, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेची दारिद्र्यरेषा मॉली ओर्शान्स्की या अधिकारी बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास आखली. १९५५ च्या पाहणीनुसार तेव्हाचे सर्वसाधारण कुटुंब उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करत होते, म्हणून त्यांनी काटकसरीच्या आहाराच्या खर्चाची तिप्पट करून ती रेषा काढली. आज घरभाडे, पाळणाघर आणि औषधोपचार यांनी घरखर्चाचे सगळे प्रमाण उलटेपालटे केले आहे, तरी ती रेषा केवळ महागाईच्या दराने वर सरकवली जाते. फूड स्टॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आता स्नॅप असे नाव असलेल्या योजनेतही गृहीत असे आहे की कुटुंब आपल्या निव्वळ उत्पन्नातील ३० टक्के रक्कम स्वतः अन्नावर खर्च करील आणि उरलेली तूट सरकार भरून काढील. भाड्यापोटी उत्पन्नातून काही वजावट मिळते, पण वृद्ध किंवा अपंग व्यक्ती नसलेल्या घरांसाठी तिला मर्यादा घातलेली आहे. म्हणजे भाडे त्या मर्यादेपलीकडे गेले की कागदावर अन्नासाठी शिल्लक दिसणारे पैसे प्रत्यक्षात घरमालकाला दिलेले असतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमची रांग का लांबते, याचे उत्तर मला या आकडेमोडीत सापडले.

शिवाय पगार थोडा वाढला की मदत तुटण्याची भीती असते. स्नॅपसाठी एकूण उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के आहे (काही राज्यांत ती अधिक आहे), आणि शाळेतील मोफत जेवणासाठीही तीच आहे. जास्तीचे तास घेतले तर मुलाचे जेवण जाईल का, असे विचारणाऱ्या आईला नेमके काय सांगावे, हे मला आजही सुचत नाही. स्थलांतरितांच्या घरांत आणखी एक अडचण असते. मुले जन्माने नागरिक, मदतीला पूर्ण पात्र, तरीही आपल्या कागदपत्रांवर परिणाम होईल या धास्तीने आईवडील अर्जच करत नाहीत.

आता उधळेपणाच्या आरोपाविषयी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये मुले असलेल्या १७.९ टक्के घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. मात्र त्यांपैकी जवळपास निम्म्या घरांत ही झळ मोठ्या माणसांनी सोसली आणि मुलांच्या ताटापर्यंत येऊ दिली नाही. आया आपला घास काढून मुलांना देतात, हे सांगायला मला आकड्यांची गरज नव्हती. पँट्रीत मुलांसाठी दूध मागणाऱ्या आणि स्वतः काहीच न मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मुलाच्या वाट्याला भूक येते ती आईने आपले सगळे उपाय करून संपल्यानंतर.

उन्हाळ्यात तर शाळा बंद होतात आणि दोन वेळचे खाणे एकदम घरखर्चावर येऊन पडते. २०२४ पासून उन्हाळ्यात दर मुलामागे महिन्याला ४० डॉलर देण्याची योजना सुरू झाली, पण काही राज्यांनी ती स्वीकारली नाही.

उपाय सापडत नाही असेही नाही. २०२१ च्या जुलै ते डिसेंबर या काळात बहुतेक कुटुंबांना दर मुलामागे वयानुसार महिन्याला २५० किंवा ३०० डॉलर थेट मिळत होते. त्या वर्षी मुले असलेल्या अन्नअसुरक्षित घरांचे प्रमाण १२.५ टक्क्यांपर्यंत खाली आले. ती मदत थांबली आणि दुसऱ्याच वर्षी ते १७.३ टक्के झाले. एका वर्षात आईबाप आधी शहाणे आणि मग उधळे झाले, असे तर कोणी म्हणणार नाही.

आम्ही देतो त्या खोक्यात डबाबंद कडधान्ये, पास्ता, शेंगदाण्याचे लोणी आणि जमेल तेव्हा ताजी भाजी असते. तो शिधा काही दिवस पुरतो. ते खोके भरताना मला समाधान वाटते, आणि ते मी सोडणारही नाही. पण घरभाडे, वेतन आणि मदतीचे नियम यांतले काहीही त्या खोक्याने बदलत नाही. आपण या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा किती टन अन्न वाटले गेले याच्याबरोबरच त्या कुटुंबांना भाड्यापोटी किती द्यावे लागते हेही छापावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक