आधी साहेब बोलले की एकमत होतंच

महोदय,

नेतृत्वशैलींवरच्या आपल्या लेखातला सूर असा होता की, चांगला टीमप्रमुख प्रत्येक निर्णय सहमतीने घेतो. हेतू उत्तम आहे. पण कार्यालयात ही सहमती होते कशी, हे लेखात आलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. प्रमुख आधी स्वतःचं मत मांडतात, मग टेबलाभोवती नजर फिरवून विचारतात, ‘कोणाची हरकत नाही ना?’ ज्याची हरकत असते तो वार्षिक मूल्यमापन आठवून गप्प बसतो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं.

अशा सहमतीचं सर्वांत भीषण उदाहरण २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचं आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं उड्डाण दुसऱ्या दिवशी होतं. यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं, की इतक्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करतील याची खात्री नाही, उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. कंपनीने आपसांत बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. तेवढ्यात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखालाच अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं. मत फक्त चार व्यवस्थापकांचं घेतलं गेलं. विरोध करणारे अभियंते तिथेच बसले होते. फोन पुन्हा जोडला गेला, कंपनीने होकार कळवला आणि कोणाचं वेगळं मत आहे का, असं रीतसर विचारण्यातही आलं. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

प्रश्न विचारला गेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो विचारण्याची वेळ मात्र टळून गेली होती.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे साधे प्रयोग केले. गटात एकच खरा सहभागी असे; बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत. सुमारे एक तृतीयांश वेळा खऱ्या सहभागी माणसानेही त्यांचीच री ओढली. पण गटात एक जण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. म्हणजे पहिल्या ‘नाही’ला जागा करून दिली, तर पुढचं बरंचसं आपोआप होतं. १९६१ मध्ये क्यूबावरची मोहीम फसल्यानंतर, पुढच्या वर्षीच्या क्यूबातल्या क्षेपणास्त्र संकटात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, सल्लागारांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून, काही चर्चांमधून मुद्दाम बाहेर राहिले, ते उगीच नव्हे.

याचा अर्थ हुकूमशाही बरी, असा कोणी काढू नये. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांच्या १९३९ च्या प्रसिद्ध अभ्यासात कडक प्रमुखाच्या गटातलं काम प्रमुख बाहेर गेला की घसरे. एकत्र ठरवून चालणारा गट मात्र त्याच्या माघारीही काम करत राही. (ते गट शाळकरी मुलांचे होते, पण वागणं ओळखीचं वाटतं!) ज्या गटाला प्रमुखाने नुसतं मोकळं सोडलं, त्याचं काम सर्वांत कमी झालं. प्रत्येक बारीकसारीक बाब सर्वांपुढे ठेवून भिजत घोंगडं करणारे आजचे प्रमुख या शेवटच्या प्रकारातले. सादरीकरणाचा रंग कोणता असावा यावर तासभर आणि मुदतीवर पाच मिनिटं, अशा बैठका ज्यांनी सोसल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

निर्णय कोण घेणार, हे बैठकीआधीच सांगितलं तर निम्मा घोळ मिटतो. ‘निर्णय माझा आहे, मला तुमची मतं हवीत’ असं सरळ म्हणणाऱ्या प्रमुखाबद्दल माणसं कुरकुरत नाहीत. मनात सगळं ठरवून सहमतीचं नाटक करणाऱ्यांचा मात्र मनापासून राग येतो. जिथे अंमलबजावणी सर्वांच्या हातात आहे, जसं की कामाच्या पाळ्या, तिथे सहमतीसाठी वेळ द्यावा. जिथे एकालाच विषय कळतो, तिथे त्याचं ऐकावं आणि पुढे जावं.

आणि बैठकीत सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावं, प्रमुखाने शेवटी. ज्याला निर्णय पटला नाही, त्याचं मत कारणासह इतिवृत्तात यावं. काही महिन्यांनी निर्णय तपासायची वेळ येते, तेव्हा ‘सर्वानुमते’ या शब्दापेक्षा त्या दोन ओळी जास्त उपयोगी पडतात.

– एक वाचक