रेखाटलेली माणसे आणि रिअॅलिटी शो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्यांसाठी केलेल्या अॅनिमेशन मालिकांबद्दल लिहिताना त्यांतील अश्लीलता आणि शिवीगाळ यांपलीकडे समीक्षा सहसा जात नाही. ‘ड्रॉन टुगेदर’ या अमेरिकन मालिकेच्या बाबतीत तर हा अन्याय फारच झाला आहे, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर 2004 ते 2007 या काळात तिचे तीन हंगाम आणि 36 भाग दाखवले गेले. डेव्ह जेसर आणि मॅट सिल्व्हरस्टीन या निर्मात्यांची मूळ कल्पना अगदी साधी होती. अमेरिकेत 1992 मध्ये ‘द रिअल वर्ल्ड’ या कार्यक्रमाने अनोळखी तरुणांना एका घरात राहायला लावून त्यांच्यावर कॅमेरे रोखले होते. इथे त्या घरात आठ कार्टून पात्रे येऊन राहतात. त्यांत बलदंड सुपरहिरो आहे, परीकथेतील राजकन्या आहे, जुन्या कृष्णधवल कार्टूनमधली एके काळची मदनिका आहे, व्हिडिओ गेममधला तलवारबहाद्दर आहे, इंटरनेटवरच्या ओबडधोबड कार्टूनमधून आलेले डुक्करही आहे. प्रत्येक जण अॅनिमेशनच्या एकेका घराण्याचा नमुना आहे, आणि नेमक्या याच गोष्टीत मालिकेचा खरा विचार दडलेला आहे.

रिअॅलिटी शोमध्ये माणसे निवडतानाच ‘भांडखोर’, ‘भोळी’, ‘बंडखोर’ असे साचे डोळ्यांपुढे असतात. पुढे शेकडो तासांच्या चित्रीकरणातून जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा भाग उरतो, आणि काय उरावे हे संकलनाच्या टेबलावर ठरते. कन्फेशन रूममध्ये स्पर्धक एकटाच मन मोकळे करतो आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पडद्याबाहेरून कोणीतरी प्रश्न विचारत असते, आणि तो प्रश्न नंतर कापता यावा म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात देण्याची सूचना स्पर्धकाला आधीच दिलेली असते. वेगवेगळ्या वेळी उच्चारलेले शब्द जोडून, त्या माणसाने कधी न म्हटलेले वाक्य तयार करण्याची युक्तीही या व्यवसायात परिचित आहे. थोडक्यात, पडद्यावर दिसणारे ते जिवंत माणूससुद्धा बऱ्याच अंशी कोणीतरी रेखाटलेले असते. ज्या पात्राची प्रत्येक रेघ उघडपणे चित्रकाराची आहे, त्याला कन्फेशन रूममध्ये बसवून कॅमेऱ्याशी बोलायला लावले की ही बनावट ज्या स्वच्छपणे दिसते, तशी ती लांबलचक लेख वाचूनही दिसत नाही.

पहिल्याच भागात राजकन्या क्लारा आणि कृष्णवर्णीय फॉक्सी यांच्यात वंशद्वेषावरून जुंपते आणि हॉट टबमधल्या चुंबनाने समेट होतो. वंशभेदासारखी खोल जखम रिअॅलिटी शो किती सहजपणे एका भागाच्या नाट्यात गुंडाळतो, याचे इतके बोचरे चित्रण मी अन्यत्र पाहिलेले नाही.

मालिका निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जपानी कार्टूनमधील लढाऊ प्राण्यावर बेतलेल्या लिंग-लिंगच्या तोंडी आशियाई भाषेची नक्कल करणारी निरर्थक बडबड घातली आहे. साच्याची टिंगल करता करता इथे लेखक स्वतःच साच्यावर हसू लागतात, आणि हे मला आजही खटकते. नंतरच्या हंगामांत तर केवळ धक्का देण्यासाठी धक्का देण्याची सवय वाढली आणि रिअॅलिटी शोवरची मूळ पकड सैल होत गेली. पण हे दोष दाखवण्यासाठीही मालिका गांभीर्याने पाहावी लागते, आणि तेच होत नाही.

अमेरिकेत ही मालिका केवळ प्रौढांसाठी म्हणून दाखवली गेली, आणि ती मुलांच्या हाती पडू नये याबद्दल माझे दुमत नाही. माझी विनंती इतकीच आहे, की अशा मालिकांची ओळख करून देताना आपल्या पुरवणीने त्यांना बालविभागाच्या शेजारी चार ओळींत न उरकता, चित्रपट किंवा नाटकाच्या परीक्षणाला मिळते तितकी जागा द्यावी, आणि ते काम कन्फेशन रूम व संकलन यांची कार्यपद्धती जाणणाऱ्या समीक्षकाकडे सोपवावे.

आपला,
एक नियमित वाचक