पोर्तुगालला निघण्यापूर्वी : मित्रास पत्र

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सप्टेंबरच्या अखेरीस तू आणि वहिनी पाठीवर सॅक टाकून पोर्तुगालला निघणार, हे वाचून फार बरे वाटले. सामानाची यादी तू मागितली आहेस. पण नुसत्या यादीने तुझे भागणार नाही. तिथे काय न्यावे हे तिथली जमीन आणि वारा ठरवतात, आणि ते दोन्ही नीट कळले की यादी तुझी तूच करशील.

लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असून, वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते इतके गुळगुळीत झाले आहेत की पावसाची एक सर पडली तरी आपल्या नदीघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांइतके निसरडे होतात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेला भूकंप, त्यामागून आलेल्या लाटा आणि आग यांनी शहराचा सखल मध्यभाग उद्ध्वस्त केला, आणि म्हणून तो पुढे सरळ रस्त्यांचा, मोकळा असा नव्याने आखला गेला. अल्फामा ही जुनी वस्ती मात्र बऱ्याच अंशी वाचली, आणि तिच्या अरुंद, वळणावळणाच्या, पायऱ्यांच्या गल्ल्याही तशाच राहिल्या. या गल्ल्यांतून चाकांची मोठी बॅग खडखडत ओढणारे, आणि पायऱ्या आल्या की ती दोन्ही हातांनी उचलून धापा टाकणारे प्रवासी तुला पावलोपावली दिसतील. तेव्हा सॅकचा तुझा विचार योग्यच आहे; मात्र मुक्काम ठरवताना नकाशावरचे अंतर पाहू नकोस, चढ पाहा. उत्तरेकडच्या पोर्तो शहरातही तेच. नदीकाठच्या रिबेइरा भागात उतरलास, तर वरच्या शहरात जाताना गुडघ्यांची परीक्षा रोजची.

सॅक चाळीस लिटरची पुरे, आणि भरल्यावर तिचे वजन सात किलोंच्या आत बसव. त्यातली बरीच जागा कपडे खातात, म्हणून तिथेच कात्री लावावी. अंगावरचा एक धरून तीन जोड पुष्कळ होतात, फक्त ते लवकर वाळणाऱ्या कापडाचे हवेत. जीन्स घरीच राहू दे. रात्री धुऊन दोरीवर टाकले की सकाळपर्यंत बहुतेक वाळतात, आणि लिस्बनच्या जुन्या वस्त्यांत खिडकीबाहेर कपडे वाळत घालणे हा रिवाजच असल्याने त्यात ओशाळे वाटण्यासारखे काही नाही. धुण्याची पावडर नेऊ नकोस. निळ्या-पांढऱ्या शिरांची साबणाची एक वडी तिथल्या दुकानांत स्वस्तात मिळते आणि तेवढ्यात प्रवास निभावतो. विजेच्या बाबतीत, आपल्याकडचा दोन गोल पिनांचा चार्जर तिथे बहुधा तसाच चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

वाऱ्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण दुपारचे ऊन पाहून माणूस फसतो. लिस्बनमध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडणारा माणूस तासाभरात रेल्वेने डोंगरातल्या सिंत्रा गावी पोहोचला, की धुक्यात कुडकुडू लागतो. युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक असलेल्या काबो दा रोका येथे तर अटलांटिकचा वारा माणसाला नीट उभे राहू देत नाही. अशा वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपीचे, पावसाला दाद न देणारे पातळ जाकीट आणि त्याच्या आत घालायला एक हलका स्वेटर एवढे असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या पावसापर्यंतची सोय झाली. वहिनींना थंडी लवकर बाधते, म्हणून त्यांच्यासाठी एक शाल अधिक घे. विमानातही उपयोगी पडते.

दक्षिणेकडे अलेंतेजो प्रांताच्या किनाऱ्याने ‘कोळ्यांची वाट’ म्हणतात ती पायवाट जाते. पोर्तो कोवोहून विला नोवा द मिलफोंतेशपर्यंतचा तिचा टप्पा सुमारे २० किलोमीटरचा आहे, आणि त्यातला बराच भाग मऊ वाळूतला. जाळीचे हलके बूट तिथे उपयोगाचे नाहीत, जाळीतून वाळू आत शिरते आणि टाचा सोलून निघतात. वाट निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या खुणांनी आखलेली असल्यामुळे चुकायची भीती नाही. सावली मात्र जवळजवळ नाही, म्हणून प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि कान झाकणारी टोपी हवीच. पुढे काबो सार्दांवच्या कड्यांपाशी जरूर थांब. खाली लाटा फुटत असतात आणि समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांच्या माथ्यावर पांढरे करकोचे काटक्यांची घरटी बांधतात. पिलांचा हंगाम वसंतातला असल्याने तुम्हाला बहुधा रिकामी घरटीच दिसतील, पण जागा पाहूनच माणूस थक्क होतो. दुर्बीण न्यायची असेल तर यासाठी ने.

खाण्याचे म्हणशील, तर युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खवा यांना रजा. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी चालते. तिथे पाव उत्तम मिळतो, त्यामुळे चटणीची एक पुडी बरेच दिवस साथ देते. काल्दु व्हेर्द या हिरव्या सूपमध्ये सॉसेजच्या चकत्या असतात, तेव्हा ते मागवण्याआधी विचार. आणि न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसते. नको असेल तर तसेच परत पाठवावे, कोणी वाईट मानत नाही.

आता सामानाबाहेरचे एक. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमुश मठ तू पाहशीलच. त्याच्या बांधकामाला १५०१ च्या सुमारास आरंभ झाला आणि त्याचा बराचसा खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या पाच टक्के करातून निघाला. त्या दगडी नक्षीत आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा पैसा आहे. आत वास्को द गामाची कबर आहे, तिच्यापुढे गर्दी असते. पण मला अधिक जाणवली ती दुसरीच जागा. लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्टेशनाहून काश्काइशला जाणारी लोकल नदीकाठाने धावते, आणि वाटेत काशियस नावाचे साधेसे स्टेशन लागते. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात होते. १९५५ मध्ये पकडले गेलेले रानडे, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, आणि त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी इकडे किती खटपट केली हे तुला ठाऊकच आहे. मी त्या लोकलने गेलो तेव्हा डब्यात, पोहायला निघालेली पोरे टॉवेल खांद्यावर टाकून हसत होती. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नव्हते. १९७४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच देशाने रानड्यांना डांबणारी ती हुकूमशाही उलथून टाकली. तरी स्टेशन मागे पडेपर्यंत माझे बोलणे थांबले होते. तुम्ही समुद्र पाहायला काश्काइशला जालच, तेव्हा जाताना किल्ल्याच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसा.

व्हिसासाठी प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, त्याच्या दोन छापील प्रती वेगवेगळ्या सॅकमध्ये ठेव. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच असू दे. निळ्या नक्षीच्या फरशा घ्यायच्या झाल्या तर त्या शेवटच्या दिवशी नव्या बनावटीच्या घे, कारण जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही फरशा इमारतींवरून चोरलेल्या असतात. माझी सॅक हवी असल्यास कळव, तिचा कमरपट्टा मजबूत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद