छोट्या व्यावसायिक चेनसॉची दुर्मिळता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी करवतीच्या, निवडीविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख एकंदरीत उपयुक्त आहे, पण त्यातील एका वाक्याशी मी अडलो. तीस सीसीच्या (सीसी हे इंजिनाच्या आकारमानाचे माप) आतील यंत्रे हौशी लोकांसाठी असतात आणि व्यावसायिकाने पन्नास सीसीच्या खाली पाहूच नये, असे सांगून लेखकाने तो विषय एका ओळीत निकालात काढला आहे. गेली चार वर्षे माझ्याकडे २५ सीसीचा, मागे मूठ असलेला, व्यावसायिक बांधणीचा चेनसॉ आहे. छाटणीच्या हंगामात तो जवळजवळ रोज चालतो. तो हाती पडेपर्यंत मला चौदा महिने वाट पाहावी लागली. असे यंत्र अस्तित्वात आहे आणि तरीही ते सहजासहजी मिळत नाही, या दोन्ही गोष्टी त्या लेखात यायला हव्या होत्या. यंत्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे एका विक्रेत्याविषयी थोडे कडू लिहायचे आहे, आणि मला कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाही.

आपल्याकडे ‘लहान’ आणि ‘हलक्या प्रतीचा’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हौशी वर्गातील बहुतेक यंत्रांत इंजिन प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेले असते आणि एखादा भाग खराब झाला तर दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र घेणे परवडते. माझ्या चेनसॉची क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, मॅग्नेशियमची आहे, सिलिंडर वेगळा काढता येतो, आणि साखळीला किती ऑइल सोडायचे ते खालच्या बाजूच्या एका स्क्रूने कमीजास्त करता येते. बारच्या, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या, झाकणाची नटसुद्धा झाकणालाच अडकून राहते. ही शेवटची सोय वाचताना क्षुल्लक वाटेल. पण पाचोळ्यात पडलेली नट गुडघ्यांवर बसून अर्धा तास ज्याने शोधली आहे, त्याला तिचे मोल कळते.

वजनाचे म्हणाल तर बार आणि साखळी सोडून हे यंत्र सुमारे अडीच किलो भरते, आणि पन्नास सीसीचे व्यावसायिक यंत्र साधारण पाच किलोच्या घरात जाते. सकाळी ताज्या हातांना हा फरक फारसा जाणवत नाही. दुपारनंतर, खांद्याच्या उंचीवरच्या शंभराव्या फांदीला बार लावताना, तो मनगटात आणि कमरेत जाणवतो, आणि थकलेल्या हातातील करवत ही सर्वांत धोकादायक करवत असते. १९२६ साली आंद्रेआस श्टील यांनी श्टुटगार्टमध्ये तयार केलेली विजेवरची साखळी करवत ४८ किलोंची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. एका माणसाने चालवायची पेट्रोलवरची करवत त्यांच्याच कारखान्यातून १९५० साली बाहेर पडली. जवळजवळ शंभर वर्षे या धंद्यातील प्रगती म्हणजे वजन उतरवणे हीच होती, आणि आता त्या प्रगतीचे टोक असलेले यंत्र आपण खेळणे म्हणून बाजूला सारतो, याचे मला नवल वाटते.

आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव सांगतो. दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या फांदीत हे यंत्र मोठ्या यंत्रापेक्षा फारसे मागे पडत नाही. यंत्र हलवून पुढच्या फांदीला लावण्याचा वेळ हिशेबात धरला तर बरेचदा ते पुढेच असते. मात्र त्याला हात हलका लागतो. मोठ्या करवतीची सवय झालेला माणूस सुरुवातीला जोर देऊन दाबतो, मग क्लच घसरतो, साखळी थबकते आणि यंत्रात दम नाही असा शेरा मिळतो. दम वेगात आहे, दाबण्यात नाही. इंजिन पूर्ण वेगात आणून फांदीवर नुसते टेकवले, की साखळी आपल्याच गतीने आत उतरते आणि खाली पिठासारखा भुसा पडण्याऐवजी जाडसर, चौकोनी कपच्या पडू लागतात. कपच्या पडत आहेत तोवर साखळीला धार आहे. भुसा पडू लागला की थांबून कानस हातात घ्यावी, कारण बोथट साखळीची भरपाई पन्नास सीसीचे इंजिन काही काळ करून देते, पंचवीस सीसीचे एक मिनिटही करत नाही. चाळीस सेंटिमीटरच्या बुंध्याला हे यंत्र लावणे हा मात्र त्याच्यावर आणि स्वतःवर अन्याय आहे. तिथे मोठाच चेनसॉ हवा.

धारेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण छोट्या यंत्राचे यश बहुतांशी तिथेच ठरते. आजच्या साखळीचे आकडेदार दाते जो कॉक्स नावाच्या अमेरिकी लाकूडतोड्याने १९४७ साली बाजारात आणले; लाकूड पोखरणारी अळी डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कशी कुरतडते, हे पाहून त्याला ती रचना सुचली. म्हणूनच साखळीवर एक दाता डाव्या तोंडाचा आणि पुढचा उजव्या तोंडाचा असतो. कानस मारताना आपला एक हात नेहमी जास्त जोरकस चालतो, त्या बाजूचे दाते आखूड होतात, आणि मग काप सरळ न उतरता एका अंगाला वळू लागतो. माझ्या यंत्रावर ३/८ इंच पिचची (पिच हे साखळीच्या कड्यांमधील अंतराचे माप) कमी उंचीची साखळी आहे. तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दात्यापुढे जो छोटा उंचवटा असतो, तो दात्याच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. हौसेने तो जास्त घासला तर दाते लाकडात खोल घुसतात आणि यंत्र धक्के मारू लागते. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या महिन्यात एक नवी कोरी साखळी मी अशीच वाया घालवली.

दुसरी साखळी वाया गेली ती माझ्या चुकीने नव्हे. यंत्राच्या बारची, साखळी जिच्यात बसून फिरते ती खाच १.१ मिलिमीटरची आहे. विक्रेत्याला मी लांबी, पिच आणि खाचेची रुंदी हे तिन्ही आकडे लिहून दिले होते. पाकीट आले त्यात साखळी १.३ मिलिमीटरची होती. नुसत्या डोळ्यांना दोन्ही साखळ्या सारख्याच दिसतात. बारवर चढवायला गेलो तेव्हा तिच्या खालच्या कड्या खाचेच्या तोंडावर नुसत्या बसून राहिल्या, आत एक कणही उतरेनात. तक्रार केली, तर ‘इतक्या लहान यंत्राच्या साखळ्या आम्ही वेगळ्या ठेवत नाही’ असे उत्तर मिळाले. बरोबर साखळी मिळायला आणखी सात आठवडे गेले. स्टार्टरची स्प्रिंग तुटली तेव्हाही हाच अनुभव आला.

हे यंत्र मिळत का नाही, याची मला दिसणारी कारणे अशी. पंचवीस सीसीचे व्यावसायिक इंजिन मुळात झाडावर दोराने लटकून काम करणाऱ्या कसबी माणसांसाठी बनते आणि त्याची मूठ वर, इंजिनाच्या डोक्यावर असते. तेच इंजिन मागच्या मुठीच्या सांगाड्यातही बसवले जाते, पण काही ठिकाणी वितरक वरच्या मुठीचाच प्रकार आणतात. खप थोडा, मग दोन प्रकारांचे सुटे भाग कशाला सांभाळायचे, असा त्यांचा हिशेब असावा. परिणाम असा, की ज्याला जमिनीवर उभे राहून हलक्या यंत्राने छाटणी करायची आहे, तो नाइलाजाने वरच्या मुठीचा चेनसॉ घेतो. उत्पादकांच्या पुस्तिकांत तो केवळ झाडावर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. त्याच्या दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने बार उसळला तर आवरायला हातांना तरफ मिळत नाही, आणि एका हाताने कापण्याचा मोह तर हमखास होतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की करवत डोळ्याचे पाते लवायच्या आत माणसाच्या दिशेने उसळते. पुढच्या हाताच्या ढालीला जोडलेला साखळीचा ब्रेक अशा वेळी जीव वाचवतो, पण ब्रेकच्या भरवशावर एक हात मोकळा सोडणे शहाणपणाचे नाही. मागच्या मुठीच्या यंत्रात दोन हातांत अंतर असते आणि साखळी तुटून मागे आली तर उजव्या हाताखालची रुंद पट्टी ती अडवते. म्हणजे छोट्या यंत्राचा सुरक्षित प्रकार दुर्मिळ आणि जोखमीचा प्रकार सुलभ, अशी उलटी स्थिती तयार झाली आहे.

धुराचे नियम हेही एक कारण आहे. टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेले इंधन मोठ्या प्रमाणात धुरातून बाहेर जाते, त्यामुळे नियम कडक होणे योग्यच आहे. युरोपात २०१९ पासून या नियमांची ‘स्टेज पाच’ ही पायरी लागू झाली. छोट्या इंजिनांना मात्र त्याची झळ जास्त बसते. कॅलिफोर्नियात २०२४ च्या मॉडेल वर्षापासून बहुतेक नव्या लहान इंजिनांना धूर न सोडण्याची अट आहे, पण ४५ सीसी आणि त्यापुढचे चेनसॉ त्या अटीच्या बाहेर आहेत. उत्पादकाने छोट्या यंत्रात धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक बसवलेला मफलर (धूर बाहेर सोडणारा, आवाज दाबणारा डबा) दिला, तर तो इतका तापतो की चालू यंत्र वाळक्या गवतावर ठेवायची सोय उरत नाही. बॅटरीवरच्या करवती हा चांगला पर्याय आहे आणि घराजवळच्या कामाला मी स्वतः तीच सुचवीन. पण दिवसभराच्या कामाला चार-पाच बॅटऱ्या आणि त्या भरण्याची सोय लागते, आणि जिथे मी छाटणी करतो तिथे विजेचा खांबही दिसत नाही.

या सगळ्या टंचाईचा फायदा नकलांनी घेतला आहे. माझ्या यंत्रासारखीच दिसणारी, त्याच रंगाची पंचवीस सीसीची यंत्रे हवी तितकी मिळतात. शेजाऱ्यांनी असे एक घेतले. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून आम्ही पाहिली तेव्हा बाहेरून फरक शोधावा लागला. चालू केल्यावर तो शोधावा लागला नाही: त्यांच्या यंत्राची साखळी इंजिन मंद चालत असतानाही फिरत होती आणि ब्रेक ओढला तरी पुरती थांबत नव्हती. ते त्यांनी वापरणे सोडून दिले, हे बरे झाले.

माझ्या यंत्रात दोष नाहीत असे नाही. ऑइलची टाकी झिरपते. रात्रभर ठेवले की खाली तळहाताएवढा डाग पडतो. पेट्रोलची टाकी लहान असल्याने वारंवार भरावी लागते, आणि आतला पाइप व कार्बुरेटरचे (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) पडदे इतके नाजूक की इथेनॉल मिसळलेले पेट्रोल महिनाभर टाकीत राहिले तर पडदे कडक होऊन यंत्र दोरी ओढून दमवते. पेट्रोलच्या एका लिटरला वीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल हे प्रमाण मी बाटलीवर खूण करूनच मोजतो आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करतो. कार्बुरेटर कारखान्यातून फारच कोरडा, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी देणारा, जुळवलेला होता. हवेत पूर्ण वेगाने चालवताना आवाज स्वच्छ, टोकदार येत होता, तो तसा येऊ नये. आता तो किंचित बोबडा येतो आणि लाकडाला लावला की सरळ होतो. आवाज मात्र लहान यंत्राचा म्हणून लहान नाही, कानांवर संरक्षण लावल्याशिवाय मी दोरीला हात घालत नाही.

आपणास विनंती एवढीच, की पुरवणीत यंत्रांची परीक्षणे येतात तेव्हा त्यात ताकद आणि वजनाबरोबर आणखी दोन गोष्टी छापाव्यात: त्या यंत्राची साखळी, बार आणि स्टार्टरचे भाग मागितल्यावर किती दिवसांत हाती पडतात, आणि मागच्या मुठीचा प्रकार उपलब्ध आहे की नाही. ही माहिती छापून येऊ लागली तर मागणी किती आहे ते वितरकांनाही दिसेल. लेखकांना हे यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहायचे असेल तर मी ते आनंदाने आठवडाभर देईन. परत करताना साखळीला दोन्ही बाजूंनी सारखी कानस मारलेली असावी, एवढीच अट.

आपला,
एक वाचक