मिस्त्रीकाका, हे तुमच्यासाठी

मिस्त्रीकाका, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. 'बरं बरं, पावसाआधी कौलं बघून घ्या' म्हणता आणि ठेवून देता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नातू वाचून दाखवेलच.

गिरगावातलं आमचं घर खोताच्या वाडीतल्या घरांसारखं नावाजलेलं नाही. तिथे लोक लांबून घरं बघायला येतात, आमच्या गल्लीत बिल्डरची माणसं येतात. बांधणी मात्र त्याच वळणाची. सागाचे खांब, तुळया, मंगलोरी कौलं, पुढे ओटा. वारसा इमारतींसाठी मुंबईची नियमावली १९९५ साली आली, देशातली पहिलीच. तिच्या यादीत आमचं घर नाही, त्यामुळे वारसा म्हणून आम्हाला अडवायला कोणी येणार नव्हतं.

तुमच्या आधी आलेल्या कंत्राटदाराने दहा मिनिटांत निकाल दिला होता. लाकूड गेलंय, उतरवा सगळं. तुम्ही मात्र चपला बाहेर काढून आत आलात आणि तासभर कोणाशी बोललाच नाहीत. हातोडीच्या दांड्याने प्रत्येक खांब खालून वर वाजवत गेलात. खाली आवाज भद्द, गुडघ्याच्या वर खणखणीत. मग पिशवीतून दाभण काढून पायथ्याशी टोचलंत, ते मुठीपर्यंत आत गेलं आणि निघताना ओला भुसा घेऊन आलं. हातभर वर टोचलंत तर टोकही शिरेना.

'पाय कुजलेत फक्त. वरचं लाकूड आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.'

असं का झालं, तेही तुम्ही ओळखलं होतं. १९८६ साली आप्पांनी बोनसच्या पैशातून ओटा सिमेंटचा करून घेतला आणि भिंतींनाही खालून तीन फूट सिमेंट मारलं. खांबांचे दगडी तळखडे त्यात गाडले गेले. जमिनीतली ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची. तिची वाट बुजली आणि ती लाकडात चढली.

आप्पा आरामखुर्चीत बसून ऐकत होते. 'म्हणजे मीच केलं का हे?' त्यांनी विचारलं. मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'आप्पा, त्या वर्षांत मीपण सिमेंटच थापत होतो. लोकांना तेच हवं होतं, मलाही तेच चांगलं वाटायचं.' ब्याऐंशी वर्षांचा माणूस त्या रात्री नीट जेवला. खरे आभार या वाक्याचे आहेत, बाकीच्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेत. (कमीच घेतलेत, हे मला रे रोडच्या वखारीत जुन्या सागाचा भाव ऐकल्यावर कळलं.)

जॅक लावून तुळई उचललीत, तेव्हा वरच्या मजल्यावरून 'कट्ट' असा आवाज आला. मी देवाचं नाव घेतलं, तुम्ही विडी पेटवलीत. कुजका भाग कापून त्याच जाडीचा जुना साग तिरक्या सांध्याने जोडलात, लाकडी खुंट्या ठोकल्यात. कळीचा चुना ड्रममध्ये विरवताना पाणी चुलीवर ठेवल्यासारखं उकळायला लागलं आणि गल्लीतली पोरं शाळा बुडवून बघत उभी राहिली.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथलं काम थोरच आहे. आमच्या पाच खांबांना कोण पुरस्कार देणार? नवा जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागतं, एवढं मी सांगू शकते.

आप्पा आता रोज सकाळी काठीने खांब वाजवत फिरतात. जिन्याजवळच्या तिसऱ्याचा आवाज वेगळा येतो म्हणतात. मला काही फरक कळत नाही, तुम्हाला बोलवायचं निमित्त असावं. गणपतीनंतर दोन दिवस काढून या. दाभण आणा.