फवारलं की किडा संपला, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात चागास या लॅटिन अमेरिकेतल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावर चौकटीत एक बातमी होती, ‘झोपेत चावणारा जीवघेणा किडा’ अशा हेडिंगची. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत हा किडा सापडतोय वगैरे ठीक आहे, पण बातमीचा शेवट काय तर असे किडे दिसले तर ताबडतोब फवारणी करून घ्यावी. मी कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हे वाक्य वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. कारण या किड्याची अख्खी गोष्टच मुळात फवारणी कुठे चालली आणि कुठे तोंडावर आपटली याची आहे आणि ती तुमच्या बातमीत औषधालाही नाही.

आधी एक दुरुस्ती. किडा चावला की रोग झाला असं नसतं हो. हा ढेकणाच्याच मोठ्या गणातला पण बोटाच्या पेराएवढा, कधी त्याहून मोठा किडा रात्री येऊन रक्त पितो आणि पिता पिता किंवा पिऊन झाल्यावर तिथेच हगतो, रोगाचा परजीवी असतो त्या विष्ठेत, आणि माणूस झोपेत खाजवतो किंवा डोळा चोळतो तेव्हा तो आत शिरतो. त्यामुळे कुठली जात किती लवकर हगते यावर ती किती धोकादायक ते बरंचसं ठरतं, ऱ्होडनियस प्रोलिक्सस रक्त पिता पिताच उरकतो म्हणून तो वाईट, आणि ट्रायटोमा डिमिडियाटा बराच वेळ लावतो म्हणून त्यामानाने बरा. एका अभ्यासातला अंदाज असा की परजीवी अंगात असलेला किडा साधारण 900 ते 4000 वेळा चावला तर त्यात एकदा लागण होते. म्हणजे एखादा किडा उडत आला आणि चावला तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण घराच्या भिंतीत शेकड्यांनी किडे आणि माणसं त्याच घरात वर्षानुवर्षं झोपतायत असं असेल तर मात्र लागण व्हायचीच. तर प्रश्न हा की किडा घरात का राहतो, आणि मारला तर परत कुठून येतो.

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात यातला मुख्य किडा म्हणजे ट्रायटोमा इन्फेस्टान्स. जंगली अवस्थेत तो अजूनही बोलिव्हियात कोचाबांबाच्या आसपासच्या खोऱ्यांत दगडांच्या कपारीत सापडतो, तिथे तो रानटी गिनीपिगांचं वगैरे रक्त पितो. गिनीपिग तिकडे लोक स्वयंपाकघरात पाळतात, खायला, तर त्यांच्याबरोबरच हा घरात आला असावा असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. एकदा घरात आल्यावर काय, कच्च्या विटांच्या भिंती, कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरं, जिथे तिथे भेगा आणि रोज रात्री जेवण हजर. तिथून माणसांच्या सामानातून, बोचक्यांतून तो चिली, अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे, ब्राझीलपर्यंत पसरला. तो स्वतः फार लांब जातच नाही मुळी, आपणच त्याला नेला.

आणि इथे जेनेटिक्स कामाला येतं. उरुग्वेचे फ्रान्सिस्को पान्झेरा आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी या किड्याचे क्रोमोसोम बघितले तेव्हा एकाच जातीत दोन वेगळे गट निघाले, अँडीज डोंगरातला आणि खालच्या सपाटीवरचा, आणि डोंगरातल्या किड्यांच्या पेशीत डीएनए जवळजवळ 30 टक्के जास्त! एकाच जातीत एवढा फरक म्हणजे गंमतच आहे. माणसाबरोबर लांब लांब गेलेल्या किड्यांत जनुकीय विविधता कमी होत गेली, थोडेसेच गेले आणि त्यांचीच पिलावळ झाली. शिवाय त्या सपाटीच्या भागात बाहेर रानात त्यांचे भाऊबंद जवळजवळ नाहीत, राहायचं तर फक्त माणसाच्या घरात आणि गोठ्यात. म्हणून 1991 ला तिकडच्या देशांनी मिळून जी मोहीम काढली त्यात फवारणी मस्त चालली, उरुग्वेला 1997 ला, चिलीला 1999 ला आणि ब्राझीलला 2006 ला या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. हे मोठंच यश आहे, त्यात वाद नाही.

पण तीच फवारणी, तेच औषध, ग्रान चाकोमधे मात्र अडकली. चाको म्हणजे अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्यात पसरलेला कोरड्या काटेरी जंगलाचा गरम प्रदेश, वस्त्या विरळ, प्रत्येक घराभोवती शेळ्यांचे वाडे, कोंबड्यांची खुराडी, लाकडांचे ढीग. घरात मारलेलं डेल्टामेथ्रिन, म्हणजे तेच फवारायचं औषध, बरेच महिने टिकतं पण बाहेर वाड्यात ऊन, धूळ आणि पाऊस यांच्यात ते लवकर उतरतं, तिथे चार किडे वाचतात आणि वर्षा-दोन वर्षांत घर परत भरतं. आता हे किडे वाचलेलेच की लांबून आलेले हे नुसतं बघून कसं कळणार? त्यासाठी डीएनएच्या खुणा तपासल्या, पंखांची मापं काढली, आणि अर्जेंटिनातल्या कामात बऱ्याचदा असं दिसलं की परत आलेले किडे हे त्याच आवारातल्या नाहीतर शेजारच्या वाड्यातल्या वाचलेल्यांचेच नातलग आहेत. म्हणजे पंप मारणारा माणूस झोपायची खोली फवारून निघून गेला आणि शेळ्यांचा वाडा राहिला तर सगळं पाण्यात. त्यात चाकोत गडद रंगाचे जंगली इन्फेस्टान्सही सापडले, ते वेगळंच.

त्याहून वाईट म्हणजे रेझिस्टन्स. अर्जेंटिनाच्या उत्तरेला साल्टा प्रांतात बोलिव्हियाच्या हद्दीजवळ आणि खुद्द बोलिव्हियात असे किडे निघाले की नेहमीच्या डोसला मरेचनात. औषध ज्याच्यावर काम करतं त्या मज्जापेशीतल्या सोडियम चॅनेलच्या जीनमधे म्युटेशन झालेलं सापडलं, काही ठिकाणी किड्याच्या अंगातली एन्झाइम्सच औषध जिरवून टाकतात. हे औषध पायरेथ्रॉइड कुळातलं आहे, आपण घरात डासांसाठी कॉइल लावतो, लिक्विडची मशीन लावतो त्यात याच कुळातली असतात. म्हणून तर ‘ताबडतोब फवारणी करा’ हे वाक्य इतक्या सहज छापायला नको होतं.

व्हेनेझुएलात अजून तिसराच प्रकार. तिथला मुख्य किडा ऱ्होडनियस प्रोलिक्सस ताडामाडाच्या झाडांच्या शेंड्यातही राहतो आणि घरातही, बरीच वर्षं वाद होता की झाडावरचा वेगळा आणि घरातला वेगळा, कारण दिसायला हुबेहूब तसाच दुसरा भाऊही झाडावर असतो. 2008 ला डीएनए तपासून दाखवलं की झाडावरचे काही आणि घरातले हे एकाच जातीचे आहेत आणि येजा चालू आहे. मग घर कितीही फवारा, झाड काय सगळी तोडणार का? याउलट मध्य अमेरिकेत हाच किडा बाहेरून आणलेला आणि फक्त घरांपुरता, तिथे तो फवारून संपवता आला. पण त्याच्या मागे डिमिडियाटा राहिला जो रानातलाच मूळचा आहे. ग्वाटेमालात हुतियापा भागात कार्लोटा मोनरॉय यांच्या टीमने मग वेगळीच वाट धरली, गावात मिळणाऱ्या मालाचा गिलावा करून भिंतीच्या भेगा बुजवायच्या, जमीन पक्की करायची, कोंबड्या घराबाहेर खुराड्यात ठेवायच्या, आणि हे काम घरच्या बायामाणसांनी स्वतः करायचं. मला विचाराल तर अख्ख्या विषयात मला आवडलेली गोष्ट हीच. गिलाव्याला किडा रेझिस्टंट होत नाही.

आता आपल्याकडचं. तुमच्या चौकटीत ‘भारतालाही धोका?’ असं प्रश्नचिन्ह टाकून सोडून दिलंय. भारतात या कुळातले किडे आहेतच, ट्रायटोमा रुब्रोफॅशिएटा उंदरांच्या मागे मागे जहाजांतून जगभरच्या बंदरांत गेलेला, तो आपल्याकडेही आहे, आणि लिंशकॉस्टियस नावाचा एक वंश तर फक्त भारतातच सापडतो. पण चागासचा परजीवी इथल्या किड्यांत फिरत नाही. रुब्रोफॅशिएटात उंदरांचा एक वेगळा परजीवी सापडतो. चावला तर खाज, गांध्या, क्वचित जोरदार ॲलर्जी, एवढंच. बाय द वे, तुम्ही छापलेला फोटो पानांचा रस पिणाऱ्या कुठल्यातरी किड्याचा होता, ओळखायचं असेल तर सोंड बघावी, रक्त पिणाऱ्याची आखूड आणि सरळ, डोक्याखाली दुमडलेली, रस पिणाऱ्याची लांब आणि बारीक, आणि दुसऱ्या किड्यांना खाणाऱ्याची बाकदार. बिचारे ते बाकीचे किडे आता तुमच्या फोटोमुळे चपलेखाली मरणार.

आणि चागासच्या परजीवीच्या जवळच्या नातलगाची खरी बातमी महाराष्ट्रातच आहे, तिकडे का कोणी जात नाही कळत नाही. गुराढोरांना, घोड्यांना, उंटांना जो सर्रा नावाचा रोग होतो, चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा, तो माणसाला होत नाही असंच आम्हीही शिकवत आलो, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात 2004 ला त्याचा परजीवी सापडला. नंतर कळलं की माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं जे प्रोटीन असतं, एपीओएल1, ते या माणसाच्या रक्तात नव्हतंच, दोन्ही बाजूंनी आलेली जीन बिघडलेली. औषधाने तो शेतकरी बरा झाला. तुमच्या विदर्भ आवृत्तीच्या वार्ताहराला तिकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पाठवा, सर्राच्या किती केसेस येतात, तपासणीला मायक्रोस्कोप तरी चालू आहे का ते विचारायला लावा, आणि ते छापा, चौकटीत नको, चांगलं अर्धं पान द्या.

आपला,
एक जुना वाचक, सातारा